वॅट नंतर, ओहम आधी

फुल-रेंज स्पीकर घरात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "याला किती वॅटचा अँप्लिफायर लावू?" दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो. पन्नास म्हणाला तर गिऱ्हाईक विचारात पडतं, दोनशे म्हणाला की खूश होतं. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर चौथा आहे. आधी ड्रायव्हर (पेटीत बसणारा कोन-चुंबकाचा भाग) कोणता ते पाहायचं, मग त्याची पेटी, मग अँप्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स. वॅटची पाळी त्यानंतर येते आणि तोवर तो आकडा बहुतेक वेळा आपोआपच ठरलेला असतो.

फुल-रेंज म्हणजे एकच कोन. तानपुऱ्याच्या खर्जापासून झांजेच्या किणकिणाटापर्यंत सगळं त्यानेच वाजवायचं. वूफर नाही, ट्वीटर नाही आणि त्या दोघांत कामाची वाटणी करणारा क्रॉसओव्हरही नाही. अँप्लिफायरची तार थेट व्हॉइस कॉइलला जाऊन मिळते. तीन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये अँप्लिफायरचा स्वभाव क्रॉसओव्हरच्या कॉइल-कपॅसिटरांत बराचसा बुजून जातो. इथे तो जसाच्या तसा ऐकू येतो, म्हणून जोडी जमवण्याला इथे एवढं महत्त्व.

हे काही नवं खूळ नाही. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. तेव्हा महालात, धंतोलीत, बर्डीवर ते ज्या व्हॉल्व्ह रेडिओंवर ऐकलं गेलं, त्यांच्यात हीच जोडी होती : कागदी कोनचा एक स्पीकर, त्याला चालवणारा बहुधा एकच आउटपुट व्हॉल्व्ह, दोन-चार वॅटची ताकद आणि मागून उघडी असलेली लाकडी पेटी. तेवढ्यावर अख्खं घर बातम्या ऐकायचं आणि वाड्यातल्या शेजारच्या बिऱ्हाडालाही त्या ऐकू जायच्या. त्या रेडिओतला व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्स्फॉर्मर, स्पीकर आणि पेटी कारखान्यातल्या इंजिनिअरने एकमेकांसाठी बेतलेली असत. आज आपण या चारही गोष्टी चार ठिकाणांहून आणतो, त्यामुळे बेतायचं काम आपल्याकडे आलं आहे.

वॅटचा हिशेब आधी उरकून घेऊ, म्हणजे डोक्यातून जाईल. स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलता लिहिलेली असते : एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. जपानच्या फॉस्टेक्सच्या चार इंची एफई १०३ ला हा आकडा ८९ च्या आसपास मिळतो, त्याच घराण्यातल्या आठ इंची एफई २०६ ला ९६ च्या आसपास. मार्क ऑडिओचे छोटे ड्रायव्हर साधारण ८५ ते ८९ मध्ये बसतात. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात आणि दहापट केले की १०.

आता दहा बाय बाराची खोली घ्या. ८९ डेसिबलचे दोन स्पीकर, ऐकणारा आठ फुटांवर. दुसऱ्या स्पीकरमुळे ३ डेसिबल वाढले, अंतरामुळे ५ गेले, म्हणजे एका वॅटला खुर्चीपाशी ८७ डेसिबल पोचले. घरात आपण निवांत ऐकतो ते सरासरी ७५ च्या आसपास, म्हणजे वॅटचा सोळावा भाग. तबल्याची थाप किंवा गायकाची तार सप्तकातली पुकार सरासरीच्या १२ ते १५ डेसिबल वर उडी मारते. तिथेही काम दोन वॅटमध्ये भागतं. ९६ डेसिबलच्या स्पीकरला याच उडीला अर्धा वॅटही लागत नाही. त्यामुळे 'दोनशे वॅट' या आकड्याला फुल-रेंजच्या जगात काही अर्थ नाही. उलट चार इंची कोन दोन्ही बाजूंना जेमतेम मिलिमीटरभर हलू शकतो. त्याच्या अंगावर दोनशे वॅट सोडले तर व्हॉइस कॉइल गॅपबाहेर येऊन फटफटेल.

या हिशेबात नागपूरकरांनी एक ओळ स्वतःची वाढवावी : कूलर. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत खिडकीतला कूलर चालू असतो आणि त्याच्या घरघरीच्या वर गाणं आणायला ६ ते ८ डेसिबल जास्त लागतात, म्हणजे चार ते सहापट वॅट. हिवाळ्यात दोन वॅटमध्ये जे भागत होतं त्याला मे महिन्यात दहा-बारा लागतील. जपानी किंवा युरोपीय लेखक 'दीड वॅट पुरे' असं लिहितो तेव्हा त्याच्या खोलीत कूलर नसतो. या एकाच कारणासाठी ८९ डेसिबलच्या आतल्या स्पीकरला मी नागपुरात दहा वॅटच्या खालचा अँप्लिफायर सुचवणार नाही. आणि मारबतीच्या मिरवणुकीतला दणका घरात हवा असेल, तर फुल-रेंजचा नाद सोडलेलाच बरा.

आता खरा मुद्दा. प्रत्येक अँप्लिफायरचा स्वतःचा एक अंतर्गत रोध असतो, तोच आउटपुट इम्पीडन्स. ट्रान्झिस्टरच्या चांगल्या अँप्लिफायरमध्ये तो ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. निगेटिव्ह फीडबॅक न वापरणाऱ्या सिंगल-एंडेड ट्रायोड व्हॉल्व्ह अँप्लिफायरमध्ये तो दोन-तीन ओहम असू शकतो. स्पीकरवर '८ ओहम' छापलेलं असलं तरी तो सगळीकडे ८ नसतो. रेझोनन्सच्या जागी, म्हणजे चार इंची ड्रायव्हर असेल तर ८० हर्ट्झच्या आसपास, तो ४०-५० ओहमपर्यंत चढतो. मग ३००-४०० हर्ट्झच्या पट्ट्यात खाली ८ वर येतो आणि तीव्र स्वरांकडे पुन्हा चढत १५ हजार हर्ट्झला २० च्या घरात जातो.

अँप्लिफायरचा रोध शून्याजवळ असेल तर या चढउताराने काही बिघडत नाही, सगळीकडे तेवढाच व्होल्टेज पोचतो. रोध ३ ओहम असेल तर गणित बदलतं. जिथे स्पीकर ८ ओहम आहे तिथे अकरापैकी आठ भाग, म्हणजे ७३ टक्के व्होल्टेज स्पीकरला मिळतो. जिथे तो ५० आहे तिथे ९४ टक्के. फरक झाला सव्वादोन डेसिबलचा, रेझोनन्सच्या आसपासचा खालचा पट्टा तेवढा उचलला गेला. वरच्या टोकाला अशीच दीड डेसिबलची भर पडते. व्हॉल्व्हचा 'उबदार' आवाज म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला बराच भाग हा असा ओहमच्या कायद्याने येतो.

फुल-रेंजला ही भर बहुधा हवीच असते. अरुंद पेटीच्या पुढच्या फळीवर बसवलेला ड्रायव्हर वरचे स्वर फक्त समोर फेकतो, तर खालचे पेटीला वळसा घालून मागेही पसरतात. फळी २२ सेंटिमीटर रुंद असेल तर साधारण ५०० हर्ट्झच्या खाली आवाज पातळ होत जातो. पेटी खोलीच्या मध्ये मोकळी ठेवली तर ही तूट ६ डेसिबलपर्यंत जाते, भिंतीला टेकवली तर कमी होते. फुल-रेंज 'किरटा' वाजतो, 'छातीतून' वाजत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथून उगवते. त्यावर लोक टोन कंट्रोल फिरवतात, केबल बदलतात, वायरीवर पैसा घालतात. खरं तर अँप्लिफायरचा रोध दोन-तीन ओहम वाढवला तर अर्धा आजार बरा होतो.

मात्र सगळ्यांचा नाही. ड्रायव्हरच्या कागदावर क्यूटीएस नावाचा एक आकडा असतो. रेझोनन्सपाशी चुंबकाची कोनवर पकड किती घट्ट आहे, ते तो सांगतो. ०.२ म्हणजे फार घट्ट, ०.५ म्हणजे सैल. अँप्लिफायरचा रोध ही पकड आणखी सैल करतो, ती साधारण किती ते मोजता येतं. व्हॉइस कॉइलचा डीसी रोध साडेसहा ओहम असेल आणि अँप्लिफायरचे तीन-सव्वातीन त्यात मिळाले, तर क्यूटीएस जवळपास दीडपट होतो. ०.२ चा ०.३ झाला तर फायदाच, सुकलेला बास जरा भरतो. ०.५ चा ०.७ झाला तर डग्गा घुमायला लागतो, एकेका थापेमागे शेपूट लागतं आणि ठेका चिखलात रुततो.

लाऊदर, एफई २०६ असल्या मोठ्या चुंबकाच्या, घट्ट पकडीच्या ड्रायव्हरना म्हणूनच व्हॉल्व्ह मानवतो. उघड्या फळीवर चालावेत म्हणून मुद्दाम सैल ठेवलेल्या ड्रायव्हरना ट्रान्झिस्टर किंवा फीडबॅकवाला पुश-पुल (जोडीने चालणाऱ्या व्हॉल्व्हचा) अँप्लिफायर बरा. '३००बी व्हॉल्व्ह आणि फुल-रेंज म्हणजे स्वर्ग' हे वाक्य निम्म्या ड्रायव्हरच्या बाबतीत खोटं आहे.

तुमचा ड्रायव्हर कोणत्या गटातला, हे लाख रुपये घालण्याआधी वीस-पंचवीस रुपयांत कळू शकतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानातून ३.३ ओहम, १० वॅटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर आणा, ते पांढरे चौकोनी, खडूच्या कांडीसारखे असतात. घरातला कुठलाही बरा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर घ्या. तो बंद करून प्रत्येक स्पीकरची लाल तार सोडवा आणि मध्ये एकेक रेझिस्टर जोडा. सोल्डरिंग येत नसेल तर प्लॅस्टिकची कनेक्टर पट्टी वापरा. उघड्या तारा एकमेकींना टेकणार नाहीत हे दोनदा पाहा. रेझिस्टर तापतो, त्याला पेटीच्या लाकडाला किंवा पडद्याला लागू देऊ नका. आता तुमच्या ट्रान्झिस्टरचा आउटपुट इम्पीडन्स व्हॉल्व्हइतका झाला.

तुलना करताना एक पथ्य पाळा. रेझिस्टर लावल्यावर आवाज सुमारे तीन डेसिबलने उतरतो आणि कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. म्हणून व्हॉल्यूम वाढवून दोन्ही वेळा पातळी सारखी करा. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप एवढ्या कामाला पुरतं. मग एकच रेकॉर्डिंग, एकाच खुर्चीत, आधी रेझिस्टरशिवाय आणि मग रेझिस्टरसकट ऐका. लक्ष डग्ग्यावर आणि पुरुषाच्या आवाजातल्या खालच्या सुरांवर ठेवा. ते भरले, आणि थाप जिथे संपायची तिथे संपली, तर तुमच्या स्पीकरला व्हॉल्व्ह किंवा जास्त रोधाचा अँप्लिफायर हवा आहे. घुमू लागले तर रेझिस्टर काढा आणि व्हॉल्व्हचे पैसे वाचले म्हणून समाधान माना. किंचित सुधारलं पण अजून हवं असं वाटलं, तर दीड-दोन मिलिहेन्रीची कॉइल आणि तिला समांतर चार-पाच ओहमचा रेझिस्टर अशी जोडी त्याच जागी लावून बघा. अरुंद फळीची तूट भरून काढायचा हा रूढ उपाय आहे.

परीक्षेसाठी रेकॉर्डिंग निवडताना आपलं संगीत सोयीचं पडतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ वर. चार इंची ड्रायव्हर ६९ हर्ट्झचा मूळ स्वर नीट देत नाही, पण तानपुऱ्याची श्रीमंती मुख्यतः त्याच्या वरच्या स्वरांशांत असते आणि ते एकाच कोनमधून, एकाच जागेवरून येतात. मी वसंतराव देशपांडे लावतो. त्यांचा जन्म मूर्तिजापूरचा, गाण्याचे पहिले धडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडचे आणि सिव्हिल लाइन्समधलं सभागृह त्यांच्याच नावाचं. पण कारण तेवढंच नाही. त्यांची तान क्षणात खालून वर फेकली जाते, मध्येच आवाजाला धार येते. ड्रायव्हरला २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये ओरडायची खोड असेल, आणि कोनच्या मधोमध छोटा व्हिझर कोन असलेल्या ड्रायव्हरना ती बरेचदा असते, तर ती त्या धारेवर लगेच पकडली जाते. अशा ड्रायव्हरला ट्रान्झिस्टरचा कोरडा अँप्लिफायर लावला की कान दुखतात. स्पीकर ऐकणाऱ्याच्या थेट तोंडावर न रोखता थोडे बाहेर वळवणं हा पहिला उपाय, अँप्लिफायर बदलणं हा दुसरा.

अँप्लिफायरच्या बाजारात आता फेरी मारू. तळाला ४४४० आयसीचं किट आहे. सुट्या भागांच्या जवळपास प्रत्येक दुकानात मिळणारं, कारच्या टेपपासून गणपतीच्या मंडपापर्यंत सगळीकडे वाजलेलं. स्टिरिओत वाजवलं तर बाजूला सहा वॅट, म्हणजे वॅट आपल्या कामापुरते जवळजवळ आहेत, पण खरखर जास्त. ८९ डेसिबलच्या स्पीकरवर ती सहन होते, ९६ च्या स्पीकरवर गाणं सुरू होण्याआधीच खरखर ऐकू येते. त्याच्या वर क्लास-डीचे टीपीए ३११६ वाले बोर्ड. स्वस्त, थंड, विजेला काटकसरी, आणि मे महिन्यात ही गोष्ट लहान नाही. या चिपचा गेन २० ते ३६ डेसिबलमध्ये ठरवता येतो, तो २० वर ठेवा. संवेदनशील स्पीकरला जास्त गेनचा अँप्लिफायर लावला की व्हॉल्यूमची खुंटी सुरुवातीलाच अडते, घर भरून जातं, आणि खुंटीच्या त्या टोकाला डावी-उजवी बाजू सारखी वाजतही नाही.

सोल्डरिंग येणाऱ्यांसाठी जॉन लिन्सले हूड यांचा दहा वॅटचा क्लास-ए अँप्लिफायर आहे. ब्रिटनच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकाने तो १९६९ मध्ये छापला आणि हौशी मंडळी तो अजून बनवतात. फुल-रेंजशी त्याचं छान जमतं. फक्त तो गाणं चालू असो वा नसो, सारखाच तापतो. अमेरिकेतले नेल्सन पास यांनी तर 'फर्स्ट वॉट' नावाने लहान अँप्लिफायरची मालिकाच काढली. तिच्यातले एफ१ आणि एफ२ हे मुद्दाम प्रचंड आउटपुट इम्पीडन्सचे आहेत, करंट सोर्स म्हणून चालणारे, आणि तेही फुल-रेंज ड्रायव्हर डोळ्यांपुढे ठेवून. आपण तीन ओहमच्या रेझिस्टरने जे केलं ते त्यांनी टोकाला नेलं.

व्हॉल्व्हमध्ये सिंगल-एंडेड ४५ देतो जेमतेम दोन वॅट, टूए३ साडेतीन, ३००बी आठ. ३००बी मूळचा १९३० च्या दशकातला, अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकचा. आठ वॅट आवाजासाठी हा एकेक व्हॉल्व्ह तीसेक वॅट उष्णता खोलीत सोडतो, शिवाय फिलामेंटची वेगळी. बाहेर ४५ अंश असताना हे दोन दिवे लावून बसायचं, मग कूलर वाढवायचा, मग कूलरवर मात करायला आवाज वाढवायचा, हे गणित कुणालाही परवडणारं नाही. नागपुरात बारा महिने चालेल असा व्हॉल्व्ह अँप्लिफायर म्हणजे माझ्या मते ईएल८४ ची पुश-पुल जोडी. दहा ते पंधरा वॅट, थोडा फीडबॅक, आउटपुट इम्पीडन्स ओहमच्या आसपास किंवा खाली, आणि व्हॉल्व्हची किंमत ३००बीच्या मानाने किरकोळ. त्याच्या मागे ४ आणि ८ ओहम असे दोन टॅप असतील तर ८ ओहमचा स्पीकर ४ च्या टॅपलाही लावून ऐका. वॅट कमी होतील, पण आउटपुट इम्पीडन्स निम्मा होईल आणि घुमणारा डग्गा आवरेल. रेझिस्टरच्या उलट दिशेचा हा फुकटचा प्रयोग.

देशात या पंथाची माणसं आहेत. कोचीचे स्थापत्यकार जेकब जॉर्ज यांनी लाऊदर ड्रायव्हर घेऊन 'रेदम' स्पीकर सुरू केले आणि पुढे खालच्या स्वरांसाठी त्यांत स्वतंत्र अँप्लिफायर-वूफर बसवले. दिल्लीची लिरिटा व्हॉल्व्ह अँप्लिफायर बनवते. रेदमची वाट सामान्य माणसालाही शिकण्यासारखी आहे : बासचं ओझं फुल-रेंजच्या खांद्यावरून उतरवा, मग त्याला कुठलाही लहान अँप्लिफायर पुरतो. घरी सबवूफर असेल तर छोट्या अँप्लिफायरच्या इनपुटला मालिकेत एक कपॅसिटर लावा. इनपुट इम्पीडन्स ४७ किलोओहम असेल तर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ७२ हर्ट्झच्या खालचं हळूहळू उतरवत नेतो. कोनची धडपड थांबते आणि मधले स्वर एकदम मोकळे होतात. सबवूफर नसला तरी चार इंची ड्रायव्हरला हा कपॅसिटर लाभतो. जे त्याला वाजवता येतच नाही ते त्याच्याकडे पाठवायचंच कशाला?

पेटीबद्दल थोडक्यात. क्यूटीएस ०.२ च्या आसपास असेल तर बॅक-लोडेड हॉर्न, ०.३ ते ०.४ असेल तर पोर्टवाली बास-रिफ्लेक्स, ०.५ च्या वर असेल तर उघडी फळी, हा ढोबळ नियम. लकडगंजात प्लायवूड आणि आरागिरण्या दोन्ही आहेत. १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि दुकानातच मापाने कापून घ्या. सुताराला सागवान सुचवायची हौस असते. विदर्भात सागवान चांगला मिळतो हे खरं, पण अखंड लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, हॉर्नच्या आतले जोड उकलतात. सागवानाचं विनिअर बाहेरून लावा. एमडीएफ नको. उन्हाळाभर कूलरची ओल आणि मग पावसाळा, यात त्याच्या कडा फुगतात. ही ओल कागदी कोनलाही मानवत नाही, म्हणून स्पीकर कूलरच्या झोतासमोर कधीही ठेवू नका, वाळ्याची ताटी कितीही सुगंधी असली तरी.

जुनं सामान धुंडाळणाऱ्यांसाठी दोन इशारे. फिलिप्सने १९५० च्या दशकात आउटपुट ट्रान्स्फॉर्मरशिवाय चालणारे रेडिओ काढले. त्यांचे स्पीकर ८०० ओहमचे असत आणि दिसायला नेहमीसारखेच. भंगारातून उचललेला स्पीकर आधी मल्टिमीटरने मोजा. ८ ओहमचा असेल तर सहा-सात दाखवेल. शेकड्यांत दाखवला तर तो आजच्या अँप्लिफायरवर कुजबुजण्यापलीकडे काही करणार नाही. दुसरं, जुन्या रेडिओतला आउटपुट ट्रान्स्फॉर्मर काढून नवा अँप्लिफायर बनवायचा मोह टाळा. त्याचा गाभा लहान असतो, शंभर हर्ट्झच्या खाली तो दम सोडतो.

परदेशातून वापरलेला व्हॉल्व्ह अँप्लिफायर आणलात तर मागची पाटी वाचा. जपानचा १०० व्होल्टचा, अमेरिकेचा ११७ चा, आणि '२२०' लिहिलेलाही निर्धोक नव्हे. आपल्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज २५० च्या जवळ गेला तर २२० वर गुंडाळलेल्या ट्रान्स्फॉर्मरमधून ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला सातच्या वर मिळतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. मोजा, गरज असेल तर स्टॅबिलायझर लावा. व्हॉल्व्ह अँप्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळू शकतो. आणि झाकण उघडायचं असेल तर प्लग काढल्यावरही हात लावू नका. आत ३०० ते ४०० व्होल्ट डीसी कपॅसिटरांत साठून राहतो. ते रेझिस्टरमधून रिकामे केल्याची मल्टिमीटरवर खात्री झाल्याखेरीज बोट आत घालायचं नाही. हे काम येत नसेल तर येणाऱ्याकडूनच करून घ्या.

दहा बाय बाराच्या खोलीसाठी कुणी विचारलं तर माझं उत्तर असं : चार इंची ड्रायव्हर, १८ मिलिमीटर प्लायची बास-रिफ्लेक्स पेटी, २० डेसिबल गेनवर ठेवलेला टीपीए ३११६ आणि रेझिस्टरचा प्रयोग. प्रयोगात रेझिस्टर आवडला तर तो तसाच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. पुढच्या वर्षी हात सैल असेल तर ईएल८४ पुश-पुल. ९६ डेसिबलचा आठ इंची ड्रायव्हर हॉर्नमध्ये बसवायला जागा आणि पैसा असेल, तरच टूए३ किंवा ३००बीचा विचार करा. आणि तो नोव्हेंबरात विकत घ्या. कूलर बंद असतात, पहिल्या वॅटमधली गुणगुण आणि खरखर तेव्हाच खरी ऐकू येते, आणि विकणाऱ्याशी वाद घालायला हातात पुरावा असतो.